माल्कमसाहेबांच्या गावची टेकडी

महाबळेश्वरच्या पेठेला माल्कमपेठ म्हणतात, हे आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. मध, चणे आणि चपला खरेदी करीत त्या पेठेतून आपण हिंडतो. परंतु हा माल्कम कोण, कुठला, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. इंदूरकरांना मात्र हे नाव तितकेसे निरुपद्रवी वाटत नाही. 21 डिसेंबर 1817 रोजी क्षिप्रेच्या काठी महिदपूर येथे होळकरांची फौज मोडली, तेव्हा नदी ओलांडून चाल करून आलेल्या पलटणींच्या अग्रभागी हाच जॉन माल्कम होता. सोळा दिवसांनी, 6 जानेवारी 1818 रोजी, मंदसोरचा तह त्यानेच घडवून आणला. त्याच सालच्या जूनमध्ये दुसरे बाजीराव पेशवे असीरगडाजवळ शरण आले, तेही त्याच्यापाशीच. पुढे 1827 ते 1830 तो मुंबईचा गव्हर्नर होता. महाबळेश्वरचे हवापाण्याचे ठाणे आणि बोरघाटातील गाडीरस्ता ही त्याच कारकिर्दीतील कामे. तात्पर्य, मराठेशाहीच्या अखेरच्या पानावर ज्याची सही आहे, असा हा गृहस्थ. त्याच्या जन्मगावी एक टेकडी असून तिच्या माथ्यावर त्याचा शंभर फुटी स्तंभ उभा आहे, असे आम्ही वाचले होते. आमचा भाचा गेली काही वर्षे एडिंबरोत नोकरीस आहे. ऑगस्टात आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो, तेव्हा राजवाडे आणि किल्ले यांच्या आधी या टेकडीची मागणी आम्ही पुढे केली. भाचा हसला. "मामा, त्या टेकडीला इथे कोणी डोंगर म्हणत नाही," असे म्हणून त्याने रविवार ठरवला. त्याची नऊ वर्षांची मुलगीही बरोबर निघाली.

एडिंबरोहून कार्लाइलकडे जाणारी बस गालाशील्स, हॉइक ही लोकरीची गावे घेत दक्षिणेस उतरते आणि इंग्लंडची सीमा सात-आठ मैलांवर राहिली असता एका खोलगट दरीत येते. तेच हे गाव. लिहितात लँगहोम, म्हणतात लँगम. एस्क, यूज आणि वॉखप अशा तीन नद्यांचा येथे संगम आहे. गाव करड्या दगडाचे आणि शांत आहे. एकेकाळी येथील लोकरी कापडाच्या गिरण्यांचे नाव सर्वत्र होते. त्यांतल्या बहुतेक आता मिटल्या आहेत. 1964 साली उतारूंची आगगाडीही बंद झाली. गिरण्या मिटलेले गाव कसे दिसते, हे इंदूरच्या माणसास समजावून सांगावे लागत नाही. हुकुमचंद मिलच्या परिसरातून ज्याने 1991 नंतर फेरी मारली आहे, त्याला लँगमचा तो उंच धुराडा आणि त्यावरची धूर नसलेली हवा ताबडतोब ओळखू येते.

गावच्या चौकापासून कर्क विंड नावाचा एक बोळ टेकडीकडे चढतो. 'कर्क' म्हणजे चर्च आणि 'विंड' म्हणजे बोळ. स्कॉट लोकांच्या स्वतःच्या भाषेतले हे शब्द. मुलगी आम्हाला ते शब्द इंग्रजीत समजावून सांगत होती. तिचे मराठी असे की, आपण बोललेले तिला सर्व समजते, परंतु उत्तर इंग्रजीतून येते. आमच्या मंडळींनी पहिल्या दिवशीच याबद्दल भाच्याला एकदा सुनावले होते. आज त्या काही बोलल्या नाहीत. चढ मोठा होता, हेही एक कारण असावे.

जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी याच बोळातून शेकडो घोडेस्वार भरधाव वर जातात. गावच्या सामाईक जमिनीच्या हद्दी कोणत्या, याविषयी अठराव्या शतकात तंटा लागला आणि 1759 साली न्यायालयाने निवाडा दिला. त्या हद्दींचे गावाला विस्मरण पडू नये म्हणून दरवर्षी त्यांवरून फिरण्याचा हा उत्सव. मिरवणुकीत हद्दीवरची ढेपळे उकरण्यासाठी एक फावडे असते, आणि एका लाकडी थाळीवर बार्लीची भाकरी व तिच्यावर एक खारवलेला हेरिंग मासा, अशी जोडी मोठ्या खिळ्याने ठोकून काठीवर उंच धरलेली असते. आम्ही महिनाभर उशिरा पोहोचल्याने हा सोहळा आम्हाला दिसला नाही. तथापि शिवेची पूजा करून नारळ वाढवणाऱ्या आपल्या लोकांना यात परके असे काय आहे? गोव्याचे आमचे वाचक तर खारवलेल्या बांगड्याला मिरवणुकीत मान देण्याची कल्पना ऐकून खूष होतील.

बोळ संपला, घरे संपली. एका अंगास गोल्फचे मैदान लागले आणि मग फाटक. फाटकापलीकडे मोकळा डोंगर. येथे कोणी तिकीट विचारीत नाही. 2003 च्या एका कायद्याने स्कॉटलंडात जबाबदारीने वागणाऱ्या कोणाही माणसाला बहुतेक मोकळ्या जमिनीवरून पायी जाण्याचा हक्क आहे, मग मालक कोणी का असेना. फाटक उघडायचे, आत जायचे, आणि मेंढ्या बाहेर पडू नयेत म्हणून ते परत लावायचे, एवढाच आचार.

व्हिटा टेकडीची उंची 355 मीटर आहे. आमचे इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीवर वसलेले असल्याने, आम्ही घरी अंथरुणावर पडलेले असतानाही या शिखराहून उंच असतो. ही गोष्ट आम्ही भाच्याला मोठ्या अभिमानाने सांगितली. परंतु उंची ही आकड्यांत नसते. गावापासून पावणेतीनशे मीटरांची ती चढण वाऱ्याच्या तोंडी चढावी लागते, आणि हा वारा आपल्याकडच्या वाऱ्यासारखा झुळकीझुळकीने येत नाही. तो सबंध येतो. पायवाटेच्या दोन्ही बाजूंस आधी नेच्याचे गुडघाभर रान होते. ते मागे पडल्यावर हेदरची जांभळी फुले लागली. ऑगस्ट हा या झुडपाच्या बहराचा महिना. दुरून पाहता डोंगरावर कोणी जांभळी घोंगडी वाळत टाकली आहे असे वाटे, आणि जवळ गेले की तांदळाच्या दाण्याएवढाली फुले. मधूनमधून जमीन स्पंजासारखी दबे. कुजलेल्या शेवाळाची ती काळी माती पाऊल धरून ठेवी. एका जागी बुटक्या झुडपांना निळसर काळी बारीक फळे लागली होती. मुलीने ती ओळखली, तोंडात टाकली आणि जीभ काढून दाखवली. आमच्या मंडळींनी दोन खाल्ली व "करवंदाची चुलत बहीण" असा निवाडा दिला. त्यानंतर त्या दोघी बराच वेळ तेथेच रमल्या आणि आम्ही पुढे निघालो.

स्तंभ वाटेत दिसेनासा होतो आणि मग एकदम समोर उभा राहतो. जवळच्या खाणीतल्या फिकट दगडाचा हा चौकोनी, निमुळता मनोरा. 1835 साली, म्हणजे माल्कमच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, त्याची पायाभरणी झाली. आजूबाजूला दुसरे काहीही नाही. दरीतल्या कोणत्याही घरातून मान वर केली की तो दिसावा, अशीच योजना असणार.

त्याच्या पायथ्याशी, वाऱ्याच्या आडोशाला, आम्ही पोळ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि घरून आणलेली इंदुरी शेव सोडली. होळकरांच्या शहरची शेव माल्कमच्या स्तंभाखाली खावी, यात काही सूड आहे की समेट, हे आम्हाला ठरवता येईना. भाचा म्हणाला, "मामा, तुम्हाला राग येतो का या माणसाचा?"

प्रश्न सोपा नव्हता. माल्कमचा जन्म 1769 सालचा, या दरीतल्याच बर्नफूट नावाच्या शेतघरातला. बाप खंडाने शेती करणारा, त्यात बुडालेला. आणि मुले सतरा. दहा मुलगे आणि सात मुली. एवढ्यांना ही ओली, खडकाळ जमीन कोठून पोसणार? मुलगे ओळखीपाळखीने नोकऱ्यांवर धाडण्यात आले. त्यांपैकी चौघांनी पुढे 'सर' ही पदवी मिळवली. एक आरमारात चढत चढत, सेंट हेलेना बेटावर नेपोलियन कैदेत असताना तेथील पहाऱ्यावरच्या आरमाराचा मुख्य झाला. त्याचा पुतळा खाली गावात आहे. जॉनला बारा वर्षांचा असताना लंडनला कंपनीच्या डायरेक्टरांपुढे उभे केले. हैदर अली समोर आला तर काय करशील, असे विचारता या पोराने तलवार उपसून त्याचे डोके उडवण्याची तयारी दाखवली, आणि त्याची नेमणूक झाली, असे त्याचे चरित्रकार सांगतात. 1783 साली तो मद्रासेस उतरला. बारा-तेरा वर्षांचे पोर! आमची नात त्याहून तीन वर्षांनी लहान आहे आणि तिला अजून एकटीने बसमध्ये बसू देत नाहीत.

या माणसाविषयी इंदूरच्या आम्हा लोकांचे मन दुभंगलेले आहे, ते येणेप्रमाणे. महिदपूरच्या लढाईत फितुरी झाली, आदल्या रात्री तुळसाबाईंचा त्यांच्याच माणसांनी वध केला, सरदार पांगले. परंतु होळकरांचे गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत, तोफांपाशीच पडले. त्या गोलंदाजांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. त्यांच्यावर चाल करून जाणाऱ्याला मात्र शंभर फूट दगड लाभला. आणि तरीही याच माणसाने पुढे माळव्यात फिरून, जुन्या माणसांना बोलते करून, 1823 साली मध्य हिंदुस्थानावर दोन खंडांचा ग्रंथ छापला, आणि त्यात अहिल्याबाईंचे जे चित्र रेखाटले तितके आदराचे चित्र एखाद्या शत्रूने क्वचितच रेखाटले असेल. बाईंना जाऊन तेव्हा फार वर्षे झाली नव्हती. ज्यांनी त्यांना पाहिले होते ते हयात होते. त्यांच्या तोंडच्या कितीतरी गोष्टी आज आपणांस ठाऊक आहेत त्या माल्कमने टिपून ठेवल्या म्हणून. बाजीरावांना सालिना 8 लाखांचे वेतन कबूल केल्याबद्दल त्याच्या वरिष्ठांनीच त्याला उधळा ठरवले, आणि तो आपल्या शब्दापासून मागे हटला नाही. बाजीराव त्या उदारतेस पात्र होते की नव्हते, हा निराळा प्रश्न. आमचे मत विचाराल तर नव्हते.

परंतु आमची खरी अडचण याहून खोलची आहे. आम्ही इंदूरला कसे आलो? मल्हारराव होळकर नीरेकाठच्या होळ गावचे, राणोजी शिंदे साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे. घरी पोट भरेना म्हणून निघालेले हेही मुलगेच. त्यांच्या घोड्यांच्या टापांमागून कारकून आले, भिक्षुक आले, वैद्य आले. वाईच्या बाजूचा आमचा एक पूर्वज होळकरांच्या दप्तरात लेखणी घेऊन बसला. माळव्याच्या शेतकऱ्याने त्याला बोलावले नव्हते. ज्यांच्याकडून चौथाई वसूल झाली त्या रांगड्या माळवी माणसाने मराठ्यांच्या छत्र्यांकडे पाहून काय म्हटले असेल, याचा विचार आम्ही इंदूरच्या छत्रीबागेत फिरताना कधी केला नाही. तो या परक्या टेकडीवर करावा लागला. राग येतो, परंतु त्याला पाय ठेवण्यास स्वच्छ जागा मिळत नाही, असे आम्ही भाच्याला उत्तर दिले. तो काही बोलला नाही. त्याने डब्यातली उरलेली शेव आमच्या पुढे केली.

वारा थोडा पडला तेव्हा आम्ही स्तंभाला वळसा घालून चारी दिशा पाहून घेतल्या. दक्षिणेस सॉलवेच्या खाडीची पांढरी रेघ आणि तिच्यापलीकडे इंग्लंडातील सरोवरांच्या मुलखाचे निळे डोंगर. अलीकडचा, एस्क आणि सार्क या नद्यांमधला सखल प्रदेश पाहताना आम्हाला बेळगावच्या आमच्या स्नेह्यांची आठवण झाली. या पट्ट्याला पूर्वी नावच 'वादग्रस्त भूमी' असे होते. इंग्लंड म्हणे आमची, स्कॉटलंड म्हणे आमची. दोन्हीकडच्या लोकांनी तेथे दिवसा गुरे चारावीत, परंतु सूर्य मावळल्यावर राहू नये आणि पक्के घर बांधू नये, असा दंडक होता. अर्थात लोक राहिले, बांधले, आणि दोन्ही राज्यांची गुरे चोरून सुखाने नांदले. त्यांत आर्मस्ट्राँग घराणे अग्रेसर. अखेर 1552 साली एका फ्रेंच वकिलाच्या मध्यस्थीने ही भूमी वाटली गेली आणि सरहद्दीवर मातीचा बांध घालण्यात आला. त्या आर्मस्ट्राँग घराण्याचे नाव लावणारा एक मनुष्य 1969 साली चंद्रावर चालला, आणि 1972 साली लँगमने त्याला आपला मानाचा नागरिक करून घेतले. ज्या घराण्याच्या माणसांना पूर्वी दिसताक्षणी फासावर चढवीत, त्याच घराण्याच्या माणसाला! सीमेवरच्या गावांची स्मरणशक्ती अशी सोयीची असते.

पूर्वेस टॅरस नदीच्या खोऱ्याचा विस्तीर्ण माळ पसरलेला होता, तपकिरी आणि जांभळा. हा सारा माळ शतकानुशतके एका ड्यूक घराण्याकडे होता. गावच्या संस्थेने देशोदेशींच्या लोकांकडून वर्गणी जमवून 2021 साली त्यातला अर्धा आणि 2022 साली उरलेला मोठा तुकडा विकत घेतला. मिळून दहा हजार एकरांहून अधिक. गिरण्या मिटलेले गाव, लोकसंख्या जेमतेम दोन हजारांच्या वर, आणि त्याने आपल्या डोक्यावरचा माळ विकत घ्यावा! तेथे आता रान आणि पक्षी राखीत आहेत. हे ऐकून आम्ही स्तंभाकडे पाठ फिरवून त्या माळाकडेच अधिक वेळ पाहत राहिलो, हे सांगितले पाहिजे.

उतरताना आलो ती वाट सोडून पूर्वेची वाट धरली. ती खाली एका खिंडीत लहान रस्त्याला मिळते. या खिंडीचे नाव व्हिटा येट. 'येट' म्हणजे फाटक. रस्त्याच्या कडेला, गवतात, पोलाद आणि ब्राँझ यांचे एक प्रचंड उघडे पुस्तक उभे आहे. पानांना आरपार भोके आहेत आणि त्या भोकांतून आकृती तयार झालेल्या आहेत. त्यांतून मागचा डोंगर आणि आभाळ दिसते. हे कवी ह्यू मॅकडायर्मिड याचे स्मारक, शिल्पकार जेक हार्वी याने घडवलेले.

या कवीची कथा माल्कमच्या नेमकी उलट आहे. त्याचे खरे नाव ख्रिस्टोफर ग्रीव्ह. जन्म 1892, याच गावात. बाप टपाल्या. कुटुंब गावच्या वाचनालयाच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राही आणि आई वाचनालयाची देखभाल करी. त्यामुळे पोराला वरची सारी पुस्तके मोकळी होती. कपड्यांच्या टोपलीत भरभरून तो ती खाली आणी. त्या वाचनालयाला याच खोऱ्यातल्या एका धनगराच्या मुलाने मृत्युपत्रात हजार पौंड ठेवले होते. तो मुलगा म्हणजे रस्ते, पूल आणि कालवे बांधणारा विख्यात इंजिनियर थॉमस टेलफर्ड. त्याने आयुष्याचा आरंभ लँगमला गवंड्याच्या हाताखाली केला होता. दरीतून बाहेर गेलेल्यांपैकी एकाने असे काही परत पाठवले, त्याचे फळ हा कवी.

तो मोठा झाला तेव्हा स्कॉट भाषा ही शाळेत हाताला छडी खाण्याची आणि घरी आजीशी बोलण्याची भाषा उरली होती. ही भाषाच नव्हे, बिघडलेली इंग्रजी आहे, असे शहाणे लोक म्हणत. जुन्या कोशांतून शब्द खणून काढून याने तिच्यात अशी कविता लिहिली की 1926 नंतर तसे म्हणणे कठीण झाले. हे वाक्य ज्या मासिकात छापले जाणार आहे त्याच्या कोंकणी पानांच्या वाचकांना यावर भाष्य नको. 'ही भाषा की बोली' या प्रश्नाची धार त्यांनी अनुभवली आहे आणि, मान्य केले पाहिजे, ती धार पुष्कळदा मराठीच्या बाजूने आलेली होती. 1975 साली साहित्य अकादमीने आणि 1992 साली राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टाने कोंकणीचा प्रश्न निकालात काढला. स्कॉट भाषेला स्कॉटलंडात अधिकृत दर्जा देणारा कायदा झाला तो 2025 साली. कवी 1978 मध्येच गेला होता.

गावाशी त्याचे कधी जमले नाही. स्वभाव भांडकुदळ. राष्ट्रवादी पक्षाने त्याला कम्युनिस्ट म्हणून काढले आणि कम्युनिस्ट पक्षाने राष्ट्रवादी म्हणून. गावाने चंद्रावर जाऊन आलेल्या परदेशी पाहुण्याला जो मान दिला तो या पोटच्या कवीला दिला नाही. आज तो गावच्याच स्मशानभूमीत आहे. एकाच टेकडीवर दोघांची स्मारके आहेत: वर तलवारीचे, खाली शब्दांचे. वरचे दहा मैलांवरून दिसते. खालचे पाहण्यासाठी तेथवर चालत यावे लागते.

मुलीने त्या पुस्तकाच्या भोकातून हात घातला, पलीकडून आमच्या मंडळींनी तो पकडला, आणि दोघींची बोटे फळांच्या रसाने निळी होती. शाळेत स्कॉट भाषा शिकवतात का, असे आम्ही विचारले. वर्षातून एकदा जानेवारीत कविता पाठ करावी लागते आणि मैत्रिणी खेळताना बोलतात, असे उत्तर मिळाले, अर्थात इंग्रजीतून. आमच्या मंडळींनी मग एक युक्ती केली. त्या म्हणाल्या, "मला तुझ्या मैत्रिणींचा एक शब्द दे, मी तुला माझ्या आजीचा एक देते."

रस्ता उताराचा होता आणि गाव दोन मैल. पहिला शब्द आला 'वी', म्हणजे लहानसे. त्यावर "इवले" मिळाले, आणि दोन्ही शब्दांत तोंड सारखेच बारीक होते हे पाहून मुलगी खिदळली. मग 'बर्न' आला, त्यावर ओहोळ. 'ब्रे' आला, त्यावर चढण. 'मकल' म्हणजे मोठे. लँगमचे लोक आपल्या इवल्या गावाला 'मकल टून' म्हणतात, त्यावर थोरले. तेवढ्यात पाऊस आला. थेंब नव्हे, धारही नव्हे, नुसते ओले आभाळच खाली उतरले. मुलीने विजयाने 'ड्रीख' हा शब्द टाकला: अशा करड्या, चिंब, कंटाळवाण्या दिवसाचे नाव. आमच्या मंडळी थांबल्या. छत्री उघडली. मृगाचा नव्हे, झडीचाही नव्हे... त्या पुटपुटत होत्या. गावची पहिली घरे लागेपर्यंत त्यांना शब्द आठवेना. भाच्याने "रिपरिप" सुचवले. मुलीने ते नापसंत केले, कारण ड्रीख नुसत्या पावसाला नव्हे, सबंध दिवसाला म्हणतात, असे तिचे म्हणणे. आणि ते तिने, शब्द शोधत, अडखळत, मराठीत सांगितले.

"कुंद," आमच्या मंडळी बसथांब्यावर म्हणाल्या. "कुंद दिवस."

"कुंद," मुलगी म्हणाली. मग आणखी एकदा, 'द' नीट जिभेवर घेऊन. बस यायला वीस मिनिटे होती आणि तिच्यापाशी अजून पुष्कळ शब्द शिल्लक होते.